वाचकांचे प्रश्न : 'सेट' म्हणजे नेमके काय?

नागपूर आणि आसपासच्या वाचकांचे या वेळचे बरेच प्रश्न एकाच इंग्रजी शब्दापाशी येऊन थांबले आहेत. घराचे बांधकाम, संत्र्याची बाग, स्वयंपाकघर, कोर्ट, नववीचे गणित, सगळीकडे 'सेट' भेटतो आणि प्रत्येक ठिकाणी निराळाच वाटतो. म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिले उत्तर आधी वाचावे, पुढची उत्तरे त्याच्या आधाराने लिहिली आहेत.

प्रश्न : बारावीची तयारी करताना 'सेट' हा शब्द शब्दकोशात पाहिला. अर्थ संपता संपत नाहीत. एकाच शब्दाला इतके अर्थ कसे, आणि ते पाठ कसे करायचे? (एक विद्यार्थिनी, धरमपेठ)

उत्तर : पाठ करू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यात 'सेट' या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ आहेत आणि ती एक नोंद साधारण ६०,००० शब्दांची आहे. पुढे कोशाची नवी उजळणी सुरू झाली तेव्हा 'रन' या क्रियापदाने ६४५ अर्थांसह त्याला मागे टाकले. इतके अर्थ कोणीच पाठ करत नाही, इंग्रज मुलेसुद्धा नाहीत. मूळ धरले की बहुतेक अर्थ आपोआप सुटतात.

मूळ एक नाही, दोन आहेत. पहिला 'सेट' जुन्या इंग्रजीतल्या 'सेट्टन'पासून आला. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे. आपल्याकडे बसणे-बसवणे, तशीच ही जोडी. संस्कृतातला 'सद्' धातू याच घराण्यातला आहे. सदन, संसद, परिषद, सभासद हे सगळे शब्द त्या धातूचे, म्हणजे 'सेट'चे दूरचे चुलतभाऊच. दुसरा 'सेट' जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'सेक्टा' आहे, म्हणजे एकामागोमाग जाणारे, एका वाटेचे लोक. इंग्रजीतला पंथ या अर्थाचा 'सेक्ट' तिथलाच. या दुसऱ्या 'सेट'चा अर्थ एकत्र असलेल्या वस्तू किंवा माणसे. दोघांचे स्पेलिंग आणि उच्चार एक झाले, अर्थही एकमेकांत मिसळले, आणि कोशात गर्दी झाली.

इतवारीच्या सराफ्यात दोन्ही एकाच डबीत दिसतात. हार, कानातले आणि अंगठी मिळून जो 'सेट' होतो तो दुसरा, म्हणजे संच. त्या हारातला प्रत्येक खडा कोंदणात 'सेट' केलेला असतो तो पहिला, म्हणजे बसवलेला. दुकानदार एका वाक्यात दोन्ही वापरतो आणि गिऱ्हाईक एकदाही गोंधळत नाही.

उताऱ्यात 'सेट' आला की आधी एवढेच विचारा : इथे काही बसवले, ठेवले, ठरवले आहे, की काही गोष्टी एकत्र मांडल्या आहेत? पहिले असेल तर मराठीत एकच क्रियापद पुरणार नाही, पण योग्य क्रियापद तुमच्या तोंडात असतेच. गजर लावतो, भाव ठरवतो, सापळा रचतो, प्रश्नपत्रिका काढतो, हाड बसवतो, पाऊल ठेवतो, विक्रम नोंदवतो, आदर्श घालून देतो, जेवायला पाने घेतो. इंग्रजीत या सगळ्याला 'सेट' चालतो. भाषांतराच्या प्रश्नात सगळीकडे 'सेट करणे' लिहिलेत तर ते उत्तर अर्धेच झाले.

प्रश्न : 'ही सेट द अलार्म अॅट फाइव्ह' हे वाक्य वर्तमानकाळातले की भूतकाळातले? शिकवणीत यावरून वाद झाला. (एक पालक, सक्करदरा)

उत्तर : भूतकाळातले. 'सेट'ची तिन्ही रूपे सारखीच आहेत, 'सेटेड' असे रूप नाही. वर्तमानकाळात 'ही'च्या पुढे 'सेट्स' यावेच लागते. इथे शेवटचा 'स' नाही, म्हणून त्याने गजर लावला, असाच अर्थ. 'आय', 'वुई', 'यू', 'दे' यांच्या पुढे मात्र रूपावरून काळ कळत नाही. तिथे 'येस्टरडे', 'एव्हरी डे' असे शब्द शोधा.

प्रश्न : हिंगणा रस्त्याला घराचे काम सुरू आहे. दुपारी कालवलेला माल हाताला ओला लागत होता, तरी मिस्त्री म्हणाले 'सेट झाला', आणि पाणी टाकून पुन्हा कालवू दिला नाही. ओला माल सेट कसा होईल? (एक वाचक)

उत्तर : मिस्त्रींचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्यांनी तुमचे नुकसान वाचवले.

सिमेंटच्या बाबतीत 'सेट' होणे म्हणजे वाळणे नव्हे. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करते, तिच्यातून सूक्ष्म स्फटिक तयार होतात, ते एकमेकांत गुंततात आणि लगदा आपला आकार धरतो. या क्रियेला पाणी लागतेच. नदीच्या पात्रात पाण्याखाली ओतलेले काँक्रीटही घट्ट होते ते यामुळेच. वाळण्याने घट्ट होत असते तर पुलाचे खांब उभे राहिले नसते. त्यामुळे माल ओला असणे आणि सेट झालेला असणे या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटचा सुरुवातीचा सेटिंगचा वेळ ३० मिनिटांपेक्षा कमी नको आणि शेवटचा ६०० मिनिटांपेक्षा जास्त नको. हे विकाट नावाच्या उपकरणावर तपासतात. ४० मिलिमीटर खोल साच्यात सिमेंटचा लगदा भरतात आणि १ चौरस मिलिमीटर छेदाची सुई त्यावर हलकेच सोडतात. सुरुवातीला ती तळापर्यंत जाते. ज्या वेळी ती तळाच्या साधारण ५ मिलिमीटर वरच अडते, तो सुरुवातीचा सेट. पुढे टोकाभोवती गोल कडे बसवलेली दुसरी सुई लावतात. सुईचे टोक खूण उमटवते पण कड्याची खूण उमटत नाही, तो शेवटचा सेट. ही चाचणी २७ अंशांच्या आसपास तापमान राखलेल्या प्रयोगशाळेत होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, वाळू आणि गिट्टी उन्हात तापलेली असते, पाण्याची टाकीही तापते. अशा वेळी माल प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा खूप लवकर धरतो.

धरू लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा सैल केला की दोन गोष्टी बिघडतात. गुंतू लागलेले स्फटिक तुटतात, ते पहिल्यासारखे जुळत नाहीत. शिवाय सिमेंटच्या मानाने पाणी वाढते. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाण्याचा हिशेब असेल आणि वरून ५ लिटर गेले, तर पाण्याचे प्रमाण ०.५ वरून ०.६ वर जाते आणि ताकद घटते. भिंत तेव्हा चांगलीच दिसते. प्लास्टर नखाने खरवडले की भुगा पडतो तेव्हा चूक कळते, आणि तोवर इलाज उरलेला नसतो.

उन्हाळ्यात अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवा. वाळू-गिट्टी सावलीत ठेवा किंवा तिच्यावर पाणी शिंपडा, विटा भिजवून घ्या, स्लॅब शक्यतो संध्याकाळी ओता. ओतल्यावर ओली पोती झाका. मानकात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारायला सांगितले आहे. कोरड्या कडक उन्हाळ्यात हेच अनुक्रमे १० आणि १४ दिवस धरावेत. नागपूरच्या उन्हाळ्यात हे दुसरे आकडेच खरे माना.

एक शब्द वेगळा ओळखावा, 'हार्डनिंग'. सेट होणे तासांचे काम, ताकद येणे आठवड्यांचे. पोत्यावरचा ४३ किंवा ५३ हा आकडा २८ दिवसांनंतरच्या ताकदीचा आहे, सेटिंगच्या वेळेचा नाही. '५३ ग्रेड लवकर सेट होते' ही समजूत चुकीची आहे. दोन्हींसाठी ३० आणि ६०० मिनिटांची मर्यादा तीच.

प्रश्न : कृषी सल्ल्यात 'फ्रूट सेट चांगला आहे' असे लिहून येते, आणि पुढे मे महिन्यात फळ गळते. मग सेट झाले होते ते काय? (एक संत्रा उत्पादक, काटोल)

उत्तर : 'फ्रूट सेट' म्हणजे फळधारणा. आपल्या बोलीत झाडाने फळ धरले म्हणतो, तोच अर्थ. हाही पहिलाच 'सेट' : फुलाच्या पाकळ्या गळतात, पण आतला अंडाशय देठावर टिकून राहतो आणि फुगू लागतो. फळ झाडावर बसले, एवढेच त्यात सांगितलेले असते. ते शेवटपर्यंत राहील, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात. संत्र्याच्या झाडावर फुले हजारांनी लागतात आणि त्यातली बहुतेक फळ न धरताच झडतात. ही झड नैसर्गिक आहे, तिला घाबरू नये. दुसरी गळ एप्रिल-मेमधली, वाटाण्याएवढ्या किंवा लिंबाएवढ्या फळांची. कडक ऊन आणि ओलीतला खंड ही तिची मोठी कारणे. पावसाळ्याच्या शेवटी, फळ पक्व होण्याआधी तिसरी गळ होते. तिच्यात बुरशी आणि साचलेले पाणी यांचा वाटा मोठा असतो. 'फ्रूट सेट'चा आकडा पहिल्या झडीनंतरचा असतो, दुसरी आणि तिसरी गळ त्यात धरलेली नसते.

स्वतःच्या बागेत मोजायचे असेल तर सोपे आहे. बागेतली सारखी वाढलेली पाच झाडे निवडा. प्रत्येकावर चारही दिशांना एकेक फांदी रंगीत दोरीने खूण करा. फुले पूर्ण उमलली की त्या फांद्यांवरची फुले आणि कळ्या मोजून लिहा. पाकळ्या गळून फळे वाटाण्याएवढी झाली की फळे मोजा. एका फांदीवर २०० फुले होती आणि ३० फळे दिसली, तर फळधारणा १५ टक्के. त्याच फांद्या जूनच्या सुरुवातीला पुन्हा मोजा. ३० पैकी १२ राहिली असतील तर टिकाव ४० टक्के. हे दोन आकडे वेगळे लिहिले की आजार कुठे आहे ते कळते. पहिलाच आकडा कमी असेल तर बहारासाठी पाणी तोडून दिलेला ताण, बहार फुटणे आणि फुलोऱ्याच्या वेळचे हवामान बघा. पहिला चांगला आणि दुसरा कमी असेल तर उन्हाळी पाणी आणि अन्नद्रव्ये बघा. एकाच आकड्यावर भरवसा ठेवून फवारण्या बदलत राहणे महागात पडते.

'बहार धरणे' आणि 'फळ धरणे' यांतला फरकही लक्षात असू द्या. बहार शेतकरी धरतो, पाणी तोडून आणि ताण सोडून. फळ झाड धरते. इंग्रजी 'सेट' फक्त दुसऱ्यासाठी आहे.

प्रश्न : पाककृतीत 'मिश्रण सेट होऊ द्या' हे वाक्य मला खटकते. संत्रा बर्फीची कृती लिहायची आहे. मराठीत काय लिहू? (एक वाचक, महाल)

उत्तर : खटकते हे चांगलेच आहे. मराठी स्वयंपाकघरात प्रत्येक पदार्थाच्या घट्ट होण्याला निराळे क्रियापद आहे, आणि त्यातच ते कसे घट्ट होते हेही येते. दही लागते. कढी, खीर, पाक आळतो, कारण आचेवर पाणी उडते. तूप थिजते, कारण गार होते. वडी पडते. 'सेट' लिहिले की हे सगळे भेद पुसले जातात आणि नवशिक्याला पातेले गॅसवर ठेवायचे की फ्रीजमध्ये, तेच कळत नाही.

बर्फीसाठी असे लिहा : संत्र्याचा गर आधी एकटाच आटवून घट्ट करा. खव्यात ओला गर घातला तर पाणी उरते आणि वडी पडत नाही. गर, साखर आणि खवा एकत्र परता. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागले की थेंबभर काढून बोटांत गोळी वळा. गोळी वळली आणि बोटाला चिकटली नाही की गॅस बंद. तूप लावलेल्या थाळीत थापा. कोमट असतानाच सुरीने रेघा पाडा, पूर्ण निवल्यावर वड्या काढा.

संत्र्याच्या आंबटपणाचे एक भान हवे. आम्लासोबत साखर उकळली की तिचा काही भाग फुटून त्याची फळातल्यासारखी साखर होते, आणि ती सहजासहजी स्फटिक धरत नाही. म्हणून संत्रा बर्फी नुसत्या खव्याच्या बर्फीपेक्षा मऊ राहते. ती कडक करायच्या नादात जास्त परतली तर तूप सुटते आणि वडीचा भुगा होतो. दूध घालायची कृती असेल तर ते आधी आटवून खवा करून घ्या, गर नंतर. उलट केले तर दूध नासते.

प्रश्न : उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निकालात आमच्या प्रकरणातला खालचा आदेश 'सेट असाइड' केला असे आहे. म्हणजे तो तात्पुरता बाजूला ठेवला का? (एक वाचक, सिव्हिल लाइन्स)

उत्तर : नाही. कायद्याच्या भाषेत 'सेट असाइड' म्हणजे रद्दबातल ठरवणे. आदेश संपला. तात्पुरता थांबवला असता तर 'स्टे', म्हणजे स्थगिती असे लिहिले असते. निकालांत 'क्वॅश्ड अँड सेट असाइड' ही जोडी नेहमी दिसते, तिचाही अर्थ रद्द हाच. पैशांच्या बाबतीत मात्र तोच 'सेट असाइड' राखून ठेवण्यासाठी येतो. अंदाजपत्रकात रस्त्यांसाठी रक्कम 'सेट असाइड' केली म्हणजे बाजूला काढली. न्यायालय आणि खजिना यांत हा शब्द जवळजवळ उलटा होतो, त्यामुळे बातमीत भाषांतर करताना फार जपावे लागते.

निकालाचे पुढचे वाक्यही वाचा. तिथे 'रिमांडेड' असेल तर प्रकरण खालच्या न्यायालयाकडे किंवा अधिकाऱ्याकडे पुन्हा निर्णयासाठी गेले आहे. खालचा आदेश रद्द झाला म्हणजे दावा जिंकला, असे त्यातून निघत नाही. वकिलांना नेमके हेच विचारा.

आणखी एक उपयोगाची गोष्ट. दिवाणी दाव्यात तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर तो 'सेट असाइड' करून घेण्याचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली करता येतो. मुदत ३० दिवसांची. हुकूमनाम्याच्या तारखेपासून ती मोजतात. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हुकूमनामा कळल्याच्या दिवसापासून.

'सेट ऑफ' वेगळा. तो वजावट. खटला चालू असताना आरोपी ८ महिने कोठडीत होता आणि पुढे ३ वर्षांची शिक्षा झाली, तर ते ८ महिने वजा होऊन २ वर्षे ४ महिने उरतात. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८मध्ये होती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ४६८मध्ये आहे.

प्रश्न : नववीच्या गणितातला 'सेट', आपला चहाचा 'सेट' आणि प्राध्यापकांची 'सेट' परीक्षा, तिघांत काही नाते आहे का? (एक शिक्षिका, काटोल रोड)

उत्तर : पहिल्या दोघांत आहे, तिसऱ्याशी काहीच नाही. परीक्षेचे नाव राज्य पात्रता चाचणीच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून झाले आहे. तिच्या प्रश्नपत्रिकेचा 'सेट ए', 'सेट बी' मात्र दुसरा, संचाचा.

गणितातला संच आणि चहाचा सेट एकाच मुळाचे असले तरी वर्गात एक अडचण येते. चहाच्या सेटमध्ये सहा सारखे कप असतात. गणिताच्या संचात एकच घटक दोनदा लिहिला तरी तो एकच धरतात, आणि घटकांचा क्रमही महत्त्वाचा नसतो. म्हणून 'नागपूर' या शब्दातली अक्षरे लिहायला सांगा, मग 'मामा' या शब्दातली. 'मामा'चा अक्षरसंच एकाच घटकाचा होतो, हे फळ्यावर दिसले की पुनरावृत्तीचा नियम मुले विसरत नाहीत. कपांचे उदाहरण मात्र संच शिकवताना टाळावे.

प्रश्न : नाटकाचा 'सेट' आणि 'नेपथ्य' एकच का? (एक हौशी रंगकर्मी, सीताबर्डी)

उत्तर : आजच्या मराठीत एकच. संस्कृत नाटकांत मात्र 'नेपथ्ये' अशी सूचना येते ती पडद्याआडून आवाज येतो तेव्हा. नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा, नटांचे रंग-वेश करण्याचे ठिकाण. ते पुढे मंचावर आले. रंगमंचावर सेट लावतात आणि तालमीत नाटक बसवतात. 'सेट'चे मूळ पाहता नाटक 'बसवणे' हा शब्दप्रयोग त्याला जास्त जवळचा आहे.

छापखान्यातही असेच झाले. इंग्रजीत 'टाइप सेट' करतात, मराठीत खिळे जुळवत, आणि ते काम करणारा तो जुळारी. खिळे गेले, तरी पुस्तकाच्या पहिल्या पानांवर 'अक्षरजुळणी' अजून छापून येते. तो शब्द टिकावा असे मनापासून वाटते.

प्रश्न : 'सेट टॉप बॉक्स'मध्ये काय सेट करायचे असते? (एक आजी, मानेवाडा)

उत्तर : काहीच नाही, आजी. इथला 'सेट' म्हणजे टीव्ही सेट, आपला दूरचित्रवाणी संच. त्याच्या वर ठेवायची पेटी, म्हणून ते नाव. जुन्या जाड टीव्हीच्या डोक्यावर ती बसायची. आताच्या पातळ टीव्हीवर बसत नाही, तेव्हा खालच्या फळीवर ठेवा. वरची जाळी कापडाने झाकू नका, पेटी तापून बंद पडते.